धुराला बंद, माणसाला उघडे

विद्यार्थिमित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या वर्गाचे दार आत उघडते की बाहेर? शाळेच्या सभागृहाचे? ज्या इमारतीत तुम्ही शिकवणीला जाता, तिच्या जिन्याचे? पुष्कळांना क्षणभर आठवावे लागेल. दार ही वस्तू आपल्या इतक्या अंगवळणी पडलेली असते, की तिच्याकडे आपण पाहतच नाही. परंतु इमारतीला आग लागते, धूर कोंडतो आणि शंभर-दोनशे माणसे एकदम बाहेर पडू लागतात, तेव्हा दार कोणत्या बाजूला उघडते यावर त्यांचे जगणे-मरणे ठरते. ही अतिशयोक्ती नव्हे. तिच्यामागे तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच पदार्थविज्ञान आहे. ते आज आपण पाहू.

आग नव्हती, तरीही

इंग्लंडमध्ये संडरलंड नावाचे गाव आहे. तेथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी मुलांसाठी खेळ होता. वरच्या गॅलरीत सुमारे अकराशे मुले होती. खेळ संपताना खाली बसलेल्या मुलांना बक्षिसे वाटायला सुरुवात झाली. आपल्यालाही मिळावे म्हणून वरची मुले जिन्याने धावत खाली आली. जिन्याच्या तळाशी एक दार होते. ते आतल्या बाजूला, म्हणजे मुलांच्या दिशेने, उघडणारे होते. शिवाय एका वेळी एकच मूल जाऊ शकेल अशा बेताने ते सुमारे अर्धा मीटर उघडे ठेवून अडसराने जखडलेले होते. पुढची मुले अडली, मागची येतच राहिली. त्या जिन्यात १८३ मुले गुदमरून मेली. आग नव्हती, धूर नव्हता, इमारत पडली नव्हती. होते ते फक्त चुकीच्या बाजूला उघडणारे आणि जखडलेले दार.

बाहेरचे लोक मदतीला आले, पण त्यांनाही ते दार उघडता येईना. असे का व्हावे, हे आता गणिताने पाहू.

बिजागरीपाशी चालणारे गणित

दार म्हणजे एक तरफ आहे. बिजागरी हा तिचा टेकू. बलाचा परिणाम बलावर तर अवलंबून असतोच, पण ते टेकूपासून किती अंतरावर लावले यावरही अवलंबून असतो. बल आणि टेकूपासूनचे लंब अंतर यांच्या गुणाकाराला बलाचे परिबल म्हणतात. वर्गाचे दार कडेच्या मुठीपाशी एका बोटाने ढकलून पाहा. मग बिजागरीपासून १० सेंटीमीटरवर बोट ठेवून ढकला. दार १ मीटर रुंद असेल, तर कडेला जेथे १० न्यूटन बल पुरले तेथे आता १०० न्यूटन लागेल. बोट दुखेल, पण नियम लक्षात राहील.

आता समजा, हे दार आतल्या बाजूला उघडणारे आहे आणि त्याला पाच माणसे आतून रेटून उभी आहेत. प्रत्येकाचा रेटा २०० न्यूटन धरू. गर्दीत मागच्यांचे ढकलणे जमेस धरले तर हा आकडा मुळीच मोठा नाही. एकूण रेटा १००० न्यूटन झाला. तो साऱ्या दारावर पसरलेला असल्यामुळे दाराच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर, लागतो असे मानता येते. परिबल झाले ५०० न्यूटन-मीटर. हे दार आत ओढायचे, तर मुठीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ५०० न्यूटनांहून अधिक बल लावले पाहिजे. म्हणजे अर्धे पोते सिमेंट उचलण्याच्या दुप्पट जोर! तोही एका हाताने, छातीला दार टेकलेले असताना आणि पाय मागे घ्यायला जागा नसताना. हे होणे नाही.

आता तेच दार बाहेर उघडणारे आहे असे समजा. पाचही माणसे तशीच रेटत आहेत, परिबल तेच आहे. फरक एवढाच, की तेच परिबल आता दार उघडते. घाबरलेला माणूस पुढे ढकलतो. मागे सरणे त्याच्या हाती नसते. म्हणून चांगले दार त्याच्या घाबरण्याचाच उपयोग करून घेते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत सुटकेचे दार बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे असे सांगितले आहे, त्याचे कारण हे आहे.

अशा दारावर पुष्कळदा कमरेच्या उंचीवर एक आडवी दांडी दिसते. ती ढकलली की खटका सुटतो. संडरलंडच्या दुर्घटनेनंतर अशा खटक्याचे पहिले पेटंट १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट ब्रिग्ज यांनी घेतले. पुढे ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहाला आग लागून ६०२ माणसे दगावली. तेथे दारांना प्रेक्षकांना न उमगणाऱ्या कड्या होत्या. त्यानंतर अमेरिकेत कार्ल प्रिंझलर आणि हेन्री ड्युपाँट यांनी आडव्या दांडीचा खटका तयार केला. तो १९०८ मध्ये बाजारात आला. दांडी दाराच्या बहुतेक रुंदीभर असते, त्यामुळे अंधारात मूठ शोधावी लागत नाही. हात अडकले असतील तर नुसता कमरेचा धक्काही पुरतो.

चण्यांचा प्रयोग

दार उघडले, म्हणजे काम झाले असे नाही. ते पुरेसे रुंदही हवे. यासाठी एक प्रयोग करा. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली घ्या, मोठ्यांच्या मदतीने तिचा तळ कापा आणि तोंड खाली करून धरा. तोंडावर हात ठेवून आत मोठे काबुली चणे भरा आणि हात काढा. थोडे चणे पडतील आणि ओघ अचानक थांबेल. नीट पाहा: तोंडाशी चार-पाच चण्यांची कमान झालेली दिसेल. बाटलीला टिचकी मारली की कमान मोडते, चणे पडतात, पुन्हा नवी कमान होते. आता वरून चणे हाताने दाबा. ओघ वाढत नाही, उलट कमान अधिकच घट्ट होते. मग हेच चणे दुप्पट रुंद तोंडाच्या बरणीतून ओता. ते विनातक्रार वाहून जातील.

माणसांचेही असेच होते. डिर्क हेल्बिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात संगणकाच्या साहाय्याने हे दाखवून दिले. माणसे जितकी अधिक घाईने दाराकडे जाऊ पाहतात, तितकी दाराशी त्यांची कमान होते आणि बाहेर पडण्याचा वेग कमी होतो. सकाळच्या बदलापूर लोकलने प्रवास करणाऱ्यांना हे संगणकाने सांगायची गरज नाही. दारातले चौघे एकमेकांत अडकले, की डब्याच्या मध्यावर उभा असलेला माणूस जागचा हलत नाही.

गर्दी असली तरी रांग नीट चालत असेल, तर दाराच्या दर मीटर रुंदीमागे सेकंदाला सुमारे १.३ माणसे बाहेर पडतात. आता बदलापुरातल्या एखाद्या मंगल कार्यालयाची कल्पना करा. जेवणाचा दिवाणखाना २० मीटर लांब व १५ मीटर रुंद, म्हणजे ३०० चौरस मीटर. संहितेप्रमाणे अशा जागी माणशी १.५ चौरस मीटर धरतात. म्हणजे २०० माणसे. सपाट वाटेवर माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी लागते असे संहिता धरते. तेव्हा २०० गुणिले ६.५ म्हणजे १३०० मिलिमीटर. पण सभास्थानाचे दार किमान २००० मिलिमीटर, म्हणजे २ मीटर असावे असाही नियम आहे. जिन्यावर माणूस सावकाश चालतो, म्हणून तेथे माणशी १० मिलिमीटर धरतात. दोनशे माणसांना जिने मिळून २ मीटर रुंदी हवी.

दोन मीटरच्या दारातून सेकंदाला २.६ माणसे, म्हणजे दोनशे माणसे सुमारे ७७ सेकंदांत बाहेर. पण आपल्याकडे दोन झडपांच्या दारांची एक झडप वर-खाली खिट्टी लावून कायम बंद ठेवण्याची चाल आहे. तसे केले की राहिले १ मीटर, आणि वेळ झाला १५४ सेकंद. मुहूर्ताच्या वेळी हजेरी दोनशेच असेल याची तरी काय शाश्वती? एका खिट्टीने हिरावून घेतलेली ती ७७ सेकंदे फार मोठी असतात, कारण त्या अवधीत धूर स्वस्थ बसलेला नसतो.

धुराची वाट

आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक मरतात. धूर आणि तापलेली हवा वर चढते. वायूचा दाब तोच राहिला तर त्याची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. खोलीची हवा २० अंश सेल्सिअस, म्हणजे २९३ केल्व्हिन. आगीवरची हवा ३१३ अंश सेल्सिअस, म्हणजे ५८६ केल्व्हिन मानली, तर तिची घनता निम्मी होते. अशी हलकी हवा छताशी जमते आणि तेथून वर जाण्याची वाट शोधते. इमारतीत वर जाणारी सर्वांत सोपी वाट कोणती? जिना! जिन्याचे दार उघडे राहिले, तर जिना धुराडे बनतो. मग वरच्या मजल्यावरच्या माणसांची सुटकेची वाट हीच धुराची वाट होते.

सुरतमध्ये २४ मे २०१९ रोजी एका व्यापारी इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर शिकवणी चालू असताना आग लागली. मुलांची खाली जाण्याची वाट आगीने आणि धुराने अडवली. काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. त्या दिवशी २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. ती तुमच्याच वयाच्या आसपासची मुले होती.

म्हणून सुटकेच्या जिन्यावर आगरोधक दार बसवतात. त्याच्या चौकटीत अशी पट्टी असते, जी उष्णतेने फुगून फट बुजवते. वरच्या बाजूला दार आपोआप मिटवणारे यंत्र असते. या दाराचे काम विलक्षण आहे. धुराला ते कायम बंद असले पाहिजे, आणि माणसाला कायम उघडे. म्हणजे ते मिटलेले असावे; कुलूपबंद नसावे. आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, ही संहितेची अट आहे. आपल्याकडे मात्र दोन्ही चुका एकाच इमारतीत पाहायला मिळतात. खालच्या मजल्यावर वारा यावा म्हणून आगरोधक दाराला विटेचा तुकडा लावून ते सताड उघडे ठेवलेले, आणि वर गच्चीच्या दाराला टाळे!

उंच इमारतींत जिन्यात पंख्याने हवा भरून दाब वाढवतात, म्हणजे धूर आत शिरत नाही. हा जादा दाब ५० पास्कल असतो. दार १ मीटर बाय २ मीटर असेल, तर त्यावर १०० न्यूटन बल येते, आणि ते मध्यावर लागत असल्यामुळे मुठीपाशी त्याला तोलायला ५० न्यूटन पुरतात. शाळकरी मुलालाही हे जमते. पण दाब अकारण दुप्पट-तिप्पट ठेवला आणि मिटवणारे यंत्रही कडक असले, तर म्हाताऱ्या माणसाला दार हलणार नाही. सुरक्षेचे साधनही मोजूनमापून बसवावे लागते, ते यासाठी.

आपल्या गावची दारे

आता हे सारे आपल्या परिसराला लावून पाहू. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून तिचे उल्हासनगर झाले. छावणीतल्या बराकी बैठ्या होत्या. खोलीतून चार पावले टाकली की माणूस उघड्यावर. पुढे त्याच जमिनीवर मजल्यावर मजले चढले, खाली दुकान, वर शिलाई, त्याच्या वर माल अशी रचना झाली. माणसे आणि माल वाढला, पण खाली उतरणारी वाट पुष्कळ ठिकाणी एकच अरुंद जिना राहिली. कापड, जीन्स आणि फर्निचर ही या गावाची ओळख. कापूस, फोम, लाकूड, पॉलिश या सर्व वस्तू झपाट्याने पेटणाऱ्या. फोम जळताना तर अतिशय विषारी धूर सोडतो.

अंबरनाथला एके काळी विमको कंपनीचा आगपेट्यांचा मोठा कारखाना होता. आज अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत. सामान्य कारखान्यात कामाच्या जागेपासून सुटकेच्या दारापर्यंतचे अंतर ४५ मीटरपर्यंत चालते. धोक्याच्या रसायनांचे काम असेल, तर ते २२.५ मीटरांहून अधिक असू नये, असे संहिता सांगते. कारण उघड आहे. द्रावकाची वाफ पेटली, तर पळायला वेळच कमी मिळतो. वेळ निम्मा, म्हणून अंतरही निम्मे.

दुकानदारांची एक अडचण खरी आहे, ती आपण समजून घेतली पाहिजे. मागचे दार उघडे ठेवले तर चोरी होते. म्हणून टाळे लागते. ९ मे २०१९ रोजी पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कापडाच्या गोदामाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार मेले. दार बाहेरून बंद होते. मालाच्या रक्षणासाठी लावलेल्या कुलपाने माणसांची वाट अडवली होती. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक मेले. तेथे जादा खुर्च्या बसवून बाल्कनीतली एक वाट बुजवली होती. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. कित्येकांची प्रेते स्वच्छतागृहात सापडली. बाहेरची वाट न सापडल्यामुळे ती माणसे आत आसऱ्याला गेली आणि गुदमरली.

चोराची अडचण विज्ञानाने सुटण्यासारखी आहे. आडव्या दांडीचे दार बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही आणि आतून किल्ली लागतच नाही. दांडी ढकलताच घंटा वाजेल अशी सोय करता येते. म्हणजे आतून माल पळवणाराही लपत नाही. अलीकडे कचेऱ्यांतून विद्युतचुंबकाची कुलपे आली आहेत. विद्युतप्रवाह असेतो चुंबक दार धरून ठेवतो, प्रवाह गेला की सोडतो. आगीत वीज तुटली तरी दार मोकळे. पण काही विजेची कुलपे याच्या उलट असतात. वीज गेली की ती अडकून बसतात. सुटकेच्या दारावर कोणते कुलूप आहे, हे वीज बंद करून तपासल्याशिवाय कळत नाही. वर ओढायचे शटर किंवा सरकते दार मात्र सुटकेचे दार म्हणून चालत नाही.

कायदा आणि आपण

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्याने इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर अशी व्यवस्था सतत चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रपत्र ‘ब’ सादर करावे लागते. व्यवस्था चांगली आहे. पण जानेवारीच्या तपासणीनंतर दुसऱ्याच दिवशी दारासमोर मालाची खोकी येऊन पडली, तर जुलैपर्यंत काय? अग्निशमन अधिकारी रोज येऊ शकत नाही. रोज त्या दारावरून जातो तो आपणच.

तेव्हा येत्या आठवड्यात शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली प्रथम आपल्या शाळेची, मग आपल्या शिकवणीच्या इमारतीची पाहणी करा. बरोबर एक मोजपट्टी आणि वही असू द्या. परवानगी घ्या, कोणाच्या मालाला हात लावू नका आणि घंटेची कळ दाबू नका. पुढील गोष्टी टिपा:

१. बाहेर पडायच्या वाटा किती? दोन असतील, तर त्या एकमेकींपासून दूर आहेत का? शेजारी-शेजारी असलेली दोन दारे एकाच आगीत जातात.

२. दार कोणत्या बाजूला उघडते? ते किल्लीशिवाय, एका हालचालीत उघडते का?

३. दोन्ही झडपा उघडतात का? मोकळी रुंदी प्रत्यक्ष किती भरते? एक मीटरपेक्षा कमी नसावी.

४. दाराच्या दोन्ही बाजूंना आणि जिन्यात माल, चपलांचे कपाट, दुचाकी, पाण्याच्या बाटल्या असे काही आहे का?

५. दार उघडताच पायरी लागते की सपाट जागा? दारासमोर सपाट जागा असलीच पाहिजे, नाहीतर पहिला माणूस कोसळतो आणि त्याच्यावर बाकीचे.

६. आगरोधक दार सोडल्यावर आपोआप पूर्ण मिटते का? त्याला वीट किंवा पाचर लावली आहे का?

७. बाहेरची खूण वीज गेल्यावरही दिसते का?

मग दर मीटरला १.३ माणसे हा हिशोब मांडून आपला वर्ग किती सेकंदांत रिकामा होईल ते काढा. नंतर मुख्याध्यापकांच्या परवानगीने घड्याळ लावून, न धावता, प्रत्यक्ष बाहेर पडून पाहा. हिशोब आणि अनुभव यांत फरक पडेल. तो कोठे पडला, याची चर्चा हाच खरा विज्ञानाचा तास होईल.

दोष सापडला, तर भांडू नका. तारीख, जागा आणि मोजमाप लिहून शिक्षकांमार्फत व्यवस्थापकांना द्या, आणि महिन्याभराने तेच दार पुन्हा पाहा. खोकी हलवायला पैसे लागत नाहीत. खिट्टी काढायला तर एक हात पुरतो.